मुद्रणपूर्व प्रक्रिया आणि डिजिटल इमेजिंग : पदवी घेऊन पुढे वाट आहे का?

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. माझी मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाली. गणित आणि भौतिकशास्त्रात तिला चांगले गुण आहेत, पण तिचे मन खरे रमते ते छायाचित्रांत आणि अक्षरांत. गेली दोन वर्षे आमच्या गावातील गणेशोत्सव मंडळाचा अहवाल आणि शाळेचा वार्षिक अंक तीच संगणकावर मांडून देते. मागच्या वर्षी अंक छापून आला तेव्हा मुखपृष्ठावरचे गडद निळे आकाश चक्क जांभळे झालेले होते. इतर कुणाला त्याचे विशेष वाटले नाही. ही मात्र दोन दिवस "असे का झाले?" याच प्रश्नाभोवती फिरत होती आणि छापखान्यात विचारले तेव्हा "संगणकावर वेगळेच दिसते" एवढेच उत्तर मिळाले.

त्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना तिला प्रीप्रेस, म्हणजे छपाईयंत्रावर काम चढण्यापूर्वीच्या सगळ्या प्रक्रियांचे क्षेत्र सापडले, आणि आता तिला तेच शिकायचे आहे. आमच्यासमोर तीन वाटा आहेत. पुण्यात मुद्रण अभियांत्रिकीची पदवी, उपयोजित कलेची चार वर्षांची पदवी, किंवा एखादा वर्षभराचा खासगी ग्राफिक डिझाइनचा अभ्यासक्रम करून थेट नोकरी. घरातील वडीलधारे म्हणतात की छपाईचे दिवस संपले, मुकाट्याने संगणक शाखा घ्यावी. मी प्राथमिक शिक्षिका आहे आणि या क्षेत्रातले मला काहीही कळत नाही. ज्यांनी प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.


खिळा_ते_प्लेट

ताई, मी १९८३ साली मुंबईतील एका छापखान्यात उमेदवारीला लागलो आणि चार वर्षांपूर्वी पुण्यातून निवृत्त झालो. आपल्या मुलीला जो प्रश्न पडला तो पडणारी माणसे माझ्या संपूर्ण नोकरीत मला फार थोडी भेटली, म्हणून सविस्तर लिहितो.

मी लागलो तेव्हा रंगीत चित्राचे विभाजन मोठ्या प्रोसेस कॅमेऱ्यावर होत असे. एकच चित्र लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून वेगवेगळे टिपायचे, काळ्यासाठी आणखी एक फिल्म काढायची, जाळी लावून त्याचे ठिपके करायचे, आणि मग खालून उजेड असलेल्या काचेच्या टेबलावर त्या फिल्मचे तुकडे चिकटवत, एकाच मोठ्या कागदावर छापायच्या सोळा पानांचा फर्मा जुळवायचा. पुढे ड्रम स्कॅनर आला. पान कसे छापायचे हे यंत्राला सांगणारी अडोबीची पोस्टस्क्रिप्ट भाषा १९८४ साली आणि संगणकावर पाने जुळवणारे पेजमेकर १९८५ साली बाजारात आले; आमच्यापर्यंत ते पोहोचायला पुढची काही वर्षे गेली, पण पोहोचल्यावर पेस्टिंगचे टेबल फार काळ टिकले नाही. १९९५ च्या जर्मनीतील द्रुपा या मुद्रण प्रदर्शनापासून संगणकावरून थेट प्लेट (छपाईयंत्रावर चढवायचा, चित्र उमटलेला पत्रा) काढण्याची यंत्रे सगळीकडे बोलली जाऊ लागली आणि त्यानंतर फिल्मही गेली. १९९९ मध्ये इनडिझाइन आले आणि हळूहळू पेजमेकरही गेले.

माझ्या एका नोकरीच्या काळात हातातले हत्यार निदान पाच वेळा बदलले. प्रत्येक बदलात ज्यांना फक्त कोणती कळ दाबायची हे ठाऊक होते ते मागे पडले. ठिपका कागदावर पडल्यावर का फुगतो, शाई कागदात किती शोषली जाते आणि एका जागी चार रंगांची मिळून किती शाई टाकता येते, हे ज्यांना समजलेले होते ते नव्या यंत्रावर महिनाभरात रुळले. पदवीचा खरा उपयोग हा आहे. ती सॉफ्टवेअर शिकवत नाही, कारण सांगते.

आता निळ्या आकाशाबद्दल. पडद्यावरचा निळा प्रकाशाने तयार होतो आणि तो छापील चार शायांच्या आवाक्याबाहेरचा असतो. रूपांतर करताना त्या निळ्याच्या जागी भरपूर सायन (आकाशी निळी शाई) आणि जवळपास तितकाच मॅजेंटा (गडद गुलाबी शाई) येतो, आणि कागदावर ते मिश्रण जांभळे दिसते. निळा निळाच राहावा असे वाटत असेल तर मॅजेंटाचे प्रमाण सायनपेक्षा निदान तीस टक्क्यांनी कमी ठेवावे, असा आमचा ठोकताळा होता. मुलीला सांगा की चूक तिची नव्हती; ती फाइल तपासून रंगांचे रूपांतर नीट करणे हे छापखान्याचे काम होते.


मुद्रितशोधक

काकांचा प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे. वाचनखूण साठवली.


डीटीपीवाला

काकांविषयी पूर्ण आदर ठेवून मी थोडे वेगळे मत मांडतो. मी दहावीनंतर आयटीआयमधून डेस्कटॉप पब्लिशिंग ऑपरेटरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केला आणि एकोणिसाव्या वर्षी कामाला लागलो. आज मी एका मध्यम छापखान्याचा प्रीप्रेस विभाग सांभाळतो. माझ्या हाताखाली मुद्रण अभियांत्रिकीची पदवी घेतलेली दोन मुले आली होती आणि दोघांनाही पहिले सहा महिने ब्लीड (कापणीसाठी पानाच्या कडेबाहेर वाढवलेली छपाई), पानांची मांडणी आणि ओव्हरप्रिंट (खालचा रंग न काढता त्यावर दुसरा छापणे) या गोष्टी मलाच शिकवाव्या लागल्या. एकाने पांढऱ्या अक्षरांना ओव्हरप्रिंट लावलेले पाहिले नाही आणि तीन हजार पत्रकांवरून कंपनीचे नावच गायब झाले. पडद्यावर अक्षरे दिसत होती, प्लेटवर ती आलीच नाहीत.

ज्याला काम येते त्याला काम मिळते, हा माझा अनुभव आहे. चार वर्षे आणि कित्येक लाख रुपये घालवण्यापेक्षा मुलीने एका चांगल्या छापखान्यात दोन वर्षे उमेदवारी केली तर ती पदवीधरांच्या पुढे असेल. कायद्यानेही उमेदवारांना विद्यावेतन मिळते.


वेष्टनवाली

डीटीपीवाला यांचे म्हणणे व्यापारी छपाईपुरते मला पटते. वेष्टनाच्या क्षेत्रात परिस्थिती वेगळी आहे आणि माझ्या मते या धाग्याचे उत्तर तिथेच आहे, म्हणून थोडे लांबवते.

मी नेरूळच्या एस.आय.ई.एस. महाविद्यालयातून मुद्रण आणि वेष्टन तंत्रज्ञानात पदवी घेतली आणि आज औषधे व खाद्यपदार्थांच्या वेष्टनांची आर्टवर्क, म्हणजे छपाईसाठीची अंतिम रचना, तयार करणाऱ्या विभागात काम करते. आमच्याकडे येणारी रचना देखणी असते, पण ती तशीच्या तशी छापता येत नाही. समजा, ती फ्लेक्सो पद्धतीने लवचीक प्लास्टिकवर छापायची आहे. फ्लेक्सोची प्लेट रबरासारखी असते आणि ती सिलिंडरवर गुंडाळली की वरचा पृष्ठभाग ताणला जातो, त्यामुळे गोल वर्तुळ छापून लंबगोल येते. ते टाळण्यासाठी प्लेटची जाडी आणि सिलिंडरचा परीघ यांचे गणित करून फाइल त्या एका दिशेने आधीच आखूड करावी लागते. प्लेट १.१४ मिलिमीटरची आहे की १.७० मिलिमीटरची, यावर तो आकडा बदलतो. शिवाय फ्लेक्सोत अगदी बारीक ठिपका प्लेटवर टिकत नाही, म्हणून पांढऱ्याकडे विरत जाणाऱ्या छटा मध्येच तुटतात आणि तिथे रचनाच बदलावी लागते. ग्रॅव्ह्युअरमध्ये सिलिंडर कोरलेला असतो आणि एक सिलिंडर चुकला की तो नव्याने कोरण्याचा खर्च मोठा असतो.

त्यावर कायद्याचा भाग येतो. शाकाहारासाठी हिरव्या चौकोनात हिरवे वर्तुळ, मांसाहारासाठी तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण, आणि त्यांचा आकार वेष्टनाच्या मुख्य दर्शनी भागाच्या क्षेत्रफळानुसार ठरतो. किंमत आणि निव्वळ वजनाच्या अक्षरांची उंची २०११ च्या वैधमापन नियमांनी बांधलेली आहे. शेड्यूल एच मधील, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या, औषधांवर उभी लाल रेघ लागते. बारकोडची मूळ रुंदी ३७.२९ मिलिमीटर असते आणि ती ८० टक्क्यांपेक्षा लहान करता येत नाही. लाल रंगात बारकोड छापला तर दुकानातले यंत्र तो वाचतच नाही, कारण बहुतेक यंत्रांचा प्रकाशही लालच असतो. एखाद्या औषधाच्या खोक्यावर मात्रेतले एक दशांश चिन्ह सुटले तर संपूर्ण साठा बाजारातून परत बोलवावा लागतो. म्हणून मोठ्या कंपन्या या पदांसाठी जाहिरात देतानाच मुद्रण किंवा वेष्टन शाखेची पदवी वा पदविका मागतात. उमेदवारी करून आलेला माणूस कितीही हुशार असला तरी त्या चाळणीत तो पहिल्याच टप्प्यावर बाहेर राहतो. हे न्याय्य आहे असे माझे म्हणणे नाही, पण आज वस्तुस्थिती अशी आहे.

पदवीच्या काळात मला काय मिळाले नाही तेही सांगते. आमच्या वेळी प्रयोगशाळेतील यंत्रे बाजारातल्या यंत्रांपेक्षा जुनी होती, आणि इस्कोसारखे वेष्टनाचे सॉफ्टवेअर मी पहिल्यांदा नोकरीतच पाहिले. त्यामुळे महाविद्यालय निवडताना तिथे स्पेक्ट्रोफोटोमीटर (रंग मोजणारे उपकरण) आहे का, तो मुलांच्या हातात देतात का आणि शेवटच्या वर्षी किती महिन्यांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण आहे, हे तीन प्रश्न जरूर विचारावेत.


डीटीपीवाला

वेष्टनवालीताई, चाळणीचा मुद्दा मला मान्य करावाच लागेल. मागच्या वर्षी एका औषध कंपनीत मी अर्ज केला होता. मुलाखतीपर्यंत पोहोचलोच नाही, कारण अर्जातच पदवीचा रकाना सक्तीचा होता. तरीही मुलीने सुट्टीत छापखान्यात उभे राहून काम पाहावे, हे माझे म्हणणे कायम आहे.


छापखाना_कोल्हापूर

मी तिसऱ्या पिढीचा मुद्रक आहे. "छपाई संपली" असे म्हणणाऱ्यांना मी दोष देत नाही, कारण त्यांना दिसणारी छपाई खरोखर कमी झाली आहे. आमच्याकडे पूर्वी बिलबुके, लेटरहेड, लग्नपत्रिका आणि निवडणुकीच्या काळात हँडबिले यांवर वर्ष निघत असे. बिले संगणकावर गेली, पत्रिका मोबाइलवर गेल्या आणि उरलेल्या पत्रिकांची संख्या पाचशेवरून शंभरावर आली. माझ्या वडिलांना याचे फार दुःख होते.

पण त्याच काळात गुळाची खोकी, मसाल्याची पाकिटे, लोणच्याची लेबले आणि चपलांचे बॉक्स यांचे काम वाढत गेले. आता छोट्या गावातल्या बचत गटालाही आपल्या चटणीच्या पाकिटावर चांगली छपाई हवी असते. मी दोन वर्षांपूर्वी लेबलांसाठी छोटे डिजिटल यंत्र घेतले. यंत्र घेणे त्या मानाने सोपे गेले; ते चालवणारा आणि मुख्य म्हणजे ग्राहकाने मोबाइलवरून पाठवलेली फाइल छपाईयोग्य करणारा माणूस मिळवायला मला आठ महिने लागले. मला डिझायनर खूप भेटतात. मला असा माणूस हवा होता, जो गेल्या महिन्यातला लाल आणि या महिन्यातला लाल एकच ठेवू शकेल, कारण ग्राहक दोन पाकिटे शेजारी ठेवून पाहतो.

पगाराबद्दल प्रामाणिकपणे सांगतो. माझ्यासारखा लहान मुद्रक पुण्या-मुंबईच्या कंपन्यांइतका पगार देऊ शकत नाही, आणि चांगली मुले दोन वर्षांत निघून जातात. त्यात त्यांची चूक नाही.


नेट_वाचक

एक प्रश्न विचारू का? आता कृत्रिम बुद्धिमत्ता चित्रे तयार करते आणि पार्श्वभूमीही काढून देते. मग या कामाला पाच-दहा वर्षांनी माणूस लागेल का? धागाकर्तीताईंनी याचा विचार करावा.


वेष्टनवाली

नेट_वाचक, प्रश्न योग्य आहे. छायाचित्रातील पार्श्वभूमी काढणे आणि साधी डागदुरुस्ती ही कामे वेगाने यंत्राकडे जात आहेत, आणि केवळ तेवढ्यावर पोट असलेल्यांनी आताच पुढचे शिकायला हवे. फाइल तपासणारी स्वयंचलित साधने आमच्याकडे कितीतरी वर्षांपासून आहेत. पिटस्टॉप नावाचे असे एक साधन एका मिनिटात सांगते की अमुक चित्राचे रिझोल्युशन कमी आहे आणि अमुक ठिकाणी शाईची बेरीज ३४० टक्के झाली आहे. पण ते चित्र मुद्दाम धूसर ठेवलेले आहे का, आणि शाई कमी करताना चेहऱ्याचा रंग हिरवट तर पडणार नाही ना, हा निर्णय कुणीतरी घ्यावा लागतो आणि त्याखाली सही करावी लागते. दुसरे म्हणजे, कृत्रिम बुद्धिमत्तेने काढलेली चित्रे सर्रास पडद्याच्या रंगांत आणि अपुऱ्या रिझोल्युशनची येतात. त्यामुळे आमच्या विभागातले दुरुस्तीचे काम गेल्या दोन वर्षांत उलट वाढले आहे.


अक्षरवेडी

मी उपयोजित कलेची पदवी घेतली आहे, म्हणून त्या वाटेची बाजू मांडते. ताई, आपली मुलगी अक्षरांत रमते असे आपण लिहिले आहे, आणि त्या एका वाक्यासाठी मी हा प्रतिसाद लिहीत आहे.

कला महाविद्यालयात अक्षराकडे पाहायला शिकवतात आणि ती नजर अभियांत्रिकीत सहसा मिळत नाही. मंगल हा विंडोज संगणकांवर वर्षानुवर्षे येत आलेला देवनागरी फाँट ज्यांनी घडवला, ते र. कृ. जोशी मुंबईच्या सर ज. जी. उपयोजित कला संस्थेत आणि पुढे पवईच्या आयआयटीतील औद्योगिक आरेखन केंद्रात शिकवत होते. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याची स्थापना १८६९ ची, आणि तिथे घडलेल्या देवनागरी खिळ्यांचे वळण आजही आदर्श मानले जाते. आपल्याकडे ही परंपरा आहे. ती पुढे नेणाऱ्यांना तंत्रही यावे लागते, आणि नेमके तिथे आम्ही कलाशाखेचे लोक कमी पडतो.

मराठीच्या प्रीप्रेसमध्ये रोज येणारी अडचण सांगते. श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर म्हणजे प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले देवनागरी तुकडे असतात. तो युनिकोडमध्ये आणताना ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, रफार भलतीकडे बसतो, आणि "आचाऱ्यांना" चे "आचार्यांना" होते. स्वयंपाक्याला दिलेले जेवण गुरुजींना दिले जाते आणि शुद्धलेखन तपासणीला त्यात काहीच चूक दिसत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. याशिवाय अनेक फाँटमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी या अक्षरांची रूपे निश्चित केली आहेत, तरी पाठ्यपुस्तकांबाहेर ती क्वचित पाळली जातात. चांगल्या फाँटमध्ये मराठीची रूपे आत दडलेली असतात. मजकुराची भाषा मराठी अशी ठरवून दिली की ती आपोआप येतात. हे ठाऊक असलेला माणूस प्रकाशकाला सोन्यासारखा वाटतो.

म्हणून माझा सल्ला असा आहे की पदवी मुद्रण अभियांत्रिकीची घ्यावी आणि अक्षररचना सुट्ट्यांमध्ये कार्यशाळांतून शिकावी. उलट दिशेने, म्हणजे कलेची पदवी घेऊन नंतर रंगशास्त्र आणि शाईचे रसायन शिकणे, मला फार जड गेले.


मुद्रितशोधक

अक्षरवेडी यांनी दिलेले उदाहरण मी स्वतः एका स्मरणिकेत पाहिले आहे, आणि ते माझ्या नजरेतून सुटले होते. अजूनही ती स्मरणिका उघडवत नाही.


नाशिकरोड

सरकारी नोकरीचा उल्लेख अजून कुणी केला नाही. नाशिक रोडला भारत प्रतिभूती मुद्रणालय आणि चलार्थ पत्र मुद्रणालय अशी दोन मोठी सरकारी मुद्रणालये आहेत. पहिल्यात पारपत्रे, टपाल तिकिटे आणि मुद्रांक छापले जातात, दुसऱ्यात नोटा. ही मुद्रणालये २००६ पासून भारत प्रतिभूती मुद्रण व मुद्रा निर्माण महामंडळाखाली आहेत आणि त्यांच्या पर्यवेक्षक पदांच्या जाहिरातींत मुद्रण शाखेची पदविका किंवा पदवी मागितली जाते. जागा थोड्या असतात आणि दरवर्षी निघतातच असे नाही, पण मुद्रण शाखेचे विद्यार्थीच मुळात कमी असल्याने स्पर्धा इतर शाखांइतकी तीव्र नसते. रिझर्व्ह बँकेची नोटा छापणारी कंपनी म्हैसूर आणि सालबोनी येथे आहे, तिथेही अशी पदे असतात.


स्टुटगार्टवासी

मी जर्मनीत मुद्रणयंत्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून परदेशाबद्दल थोडे लिहितो. इथे या कामाची दोन दारे आहेत. एक विद्यापीठाचे आहे. स्टुटगार्टची होखशूल डेर मेडियन ही संस्था २००१ साली मुद्रण आणि ग्रंथालयशास्त्राच्या दोन संस्था एकत्र करून उभी राहिली आणि वुपर्टालच्या विद्यापीठातही मुद्रण व माध्यम तंत्रज्ञान शिकवतात. दुसरे दार व्यवसाय प्रशिक्षणाचे आहे. मेडिएनगेस्टाल्टर नावाचे तीन वर्षांचे प्रशिक्षण असते, त्यात आठवड्याचा बराच भाग कंपनीत आणि उरलेला शाळेत जातो, आणि पूर्ण काळ विद्यावेतन मिळते. डीटीपीवाला आणि वेष्टनवाली यांच्यात वर जो वाद झाला तो इथे पडत नाही, कारण उमेदवारी आणि प्रमाणपत्र एकाच व्यवस्थेत बांधलेले आहेत. मला आपल्याकडची ही उणीव फार खटकते. मात्र दोन्ही दारांसाठी जर्मन भाषा नीट यावी लागते.

इंग्रजीतून शिकायचे असेल तर टोरांटो मेट्रोपॉलिटन विद्यापीठ आणि अमेरिकेतील क्लेम्सन विद्यापीठ येथे ग्राफिक कम्युनिकेशन्सच्या पदव्या आहेत. पण माझे मत असे आहे की पहिली पदवी घरच्या देशातच घ्यावी. भारतात यंत्रावर हात घालायला मिळतो आणि इतक्या प्रकारचे कागद व प्लास्टिक एकाच छापखान्यात क्वचितच इतरत्र पाहायला मिळते.


पोथीशाळा

डिजिटल इमेजिंगचा छपाईशी थेट संबंध नसलेला एक कोपराही आहे. मी जुन्या हस्तलिखितांच्या डिजिटायझेशनचे काम करते. पुण्यातच भांडारकर संस्था आणि भारत इतिहास संशोधक मंडळ येथे हजारो पोथ्या आणि कागदपत्रे आहेत, आणि महाराष्ट्रभर मठ, वाडे आणि ग्रंथालयांत किती असतील याची गणती नाही. हे काम म्हणजे मोबाइलने फोटो काढणे नव्हे. प्रत्येक पानाबरोबर रंगपट्टी आणि मोजपट्टी टिपावी लागते, प्रकाश दोन्ही बाजूंनी समान पडावा लागतो, कॅमेऱ्याचे स्वतंत्र रंगप्रोफाइल (तो रंग कसे टिपतो याची नोंद) करावे लागते, आणि मूळ फाइल दाबून लहान न करता जतन करावी लागते. मोडी कागदातील फिकट झालेली शाई कधी कधी अवरक्त प्रकाशात वाचता येते, तर कधी अतिनील प्रकाशात. शाई कोणत्या पदार्थाची आहे यावर ते अवलंबून असते.

आमच्या गटातील सर्वांत उपयोगी सहकारी मुद्रण अभियांत्रिकीचा पदवीधर आहे, कारण रंग मोजायचा असतो हे त्याला कुणी सांगावे लागले नाही. या कामात कायम नोकऱ्या मात्र कमी आणि प्रकल्पावरची कामे जास्त असतात. घर चालवायची जबाबदारी लगेच अंगावर असेल तर सुरुवात इथून करू नये.


खिळा_ते_प्लेट

एक महत्त्वाची गोष्ट माझ्याकडून राहिली. प्रवेश घेण्यापूर्वी मुलीची रंगदृष्टी तपासून घ्यावी. नेत्रतज्ज्ञाकडे ठिपक्यांतून आकडा ओळखण्याची इशिहारा चाचणी असते आणि ती पाच मिनिटांत होते. मुलींमध्ये हा दोष क्वचित असतो, मुलांमध्ये बराच अधिक. माझ्याबरोबर उमेदवारीला लागलेल्या एका मित्राला चौथ्या वर्षी कळले की त्याला लाल आणि हिरव्यातला सूक्ष्म फरक दिसत नाही. तो अत्यंत कष्टाळू होता. त्याला रंगविभाग सोडून बांधणी विभागात जावे लागले आणि तो ते कधी विसरला नाही. अशी चाचणी घेण्याचे त्या काळी कुणाच्या मनातही आले नव्हते.

आणखी एक सांगतो. ज्यांची मुले नुकतीच दहावी झाली आहेत आणि हा धागा वाचत आहेत, त्यांच्यासाठी पदविकेची वाट उत्तम आहे. मुंबईत सर ज. जी. च्या आवारातील शासकीय मुद्रण तंत्र संस्थेत तीन वर्षांची पदविका आहे. ती करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. अशी मुले यंत्र पाहून आलेली असतात आणि वर्गात चटकन उठून दिसतात.


डीटीपीवाला

काकांनी मित्राबद्दल लिहिलेले वाचून मी आज दुपारी माझ्या विभागातील चारही मुलांची चाचणी करवून घेतली. सगळे ठीक आहेत. हे मी आधीच करायला हवे होते.


कृष्णाकाठ (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. आठवडाभर मी रोज रात्री हे प्रतिसाद मुलीला आणि तिच्या आजोबांना वाचून दाखवले.

शनिवारी आम्ही साताऱ्यातील एका मुद्रकांकडे गेलो. त्यांनी मुलीला तीन तास यंत्राजवळ उभे राहू दिले. प्लेट निघताना तिने पाहिली, आणि भिंगातून छापील चित्रातले ठिपके पहिल्यांदाच पाहिले. ते ठिपके फुलाच्या पाकळ्यांसारखे गोलाकार जमतात हे पाहून ती भिंग सोडायला तयार नव्हती. रंगदृष्टीची चाचणीही करून घेतली, ती निर्दोष आहे. पुण्याच्या पुणे विद्यार्थी गृहाच्या महाविद्यालयात मुद्रण शाखेसाठी पसंती भरायची असे ठरले आहे. वेष्टनवालीताईंचे तीन प्रश्न वहीत लिहून घेतले आहेत आणि प्रवेशापूर्वी तिथे जाऊन ते विचारणार आहोत. प्रवेश निश्चित झाल्यावर सुरुवातीपर्यंतचा महिना त्याच साताऱ्याच्या छापखान्यात जाण्याची परवानगी तिने स्वतः मागून घेतली. आजोबा अजून पूर्ण राजी नाहीत, पण पाकिटांवरची छपाई ते आता चष्मा लावून पाहू लागले आहेत.

तिचा एक प्रश्न मात्र अनुत्तरित आहे. मुद्रकांनी तिला सांगितले की चार रंगांच्या ठिपक्यांच्या जाळ्या चार वेगळ्या कोनांत असतात. सायन १५ अंश, काळा ४५, मॅजेंटा ७५ आणि पिवळा शून्य. पहिल्या तिघांत तीस-तीस अंशांचे अंतर आहे, मग पिवळ्यालाच शेजारच्या रंगापासून पंधरा अंशांच्या अंतरावर का बसवले, असे तिने विचारले. त्यांना ते सांगता आले नाही.


खिळा_ते_प्लेट

ताई, तिला सांगा की जाळी नव्वद अंश फिरवली की पुन्हा तशीच दिसते, म्हणून सगळ्या रंगांना मिळून नव्वद अंशांचीच जागा असते. तीस अंशांचे अंतर ठेवले की ठिपक्यांचा गोंधळ इतका बारीक राहतो की डोळ्याला तो पाकळ्यांसारखा दिसतो. पण नव्वदात तीस-तीसने तीनच रंग बसतात. चौथ्याला कुठेतरी मध्ये शिरावे लागते आणि तिथे खडबडीत लाटा उमटतात. पिवळा पांढऱ्या कागदावर सर्वांत फिकट दिसतो, त्याच्या लाटा डोळ्याला जाणवत नाहीत, म्हणून अडचणीची जागा त्याला दिली. काळा सर्वांत ठळक, म्हणून त्याला ४५ अंश दिले, कारण तिरक्या रेषेतले ठिपके नजरेला सर्वांत कमी टोचतात.

आता माझा तिला एक प्रश्न आहे. फ्लेक्सोमध्ये हेच कोन साडेसात अंशांनी सरकवतात. प्लेटला शाई लावणाऱ्या ॲनिलॉक्स रुळाच्या पृष्ठभागाकडे भिंगातून नीट पाहिले, तर कारण तिचे तिलाच सापडेल.